मोटारगाडीवरील बोधचिन्ह बदलणे

मोटारगाडीवरील बोधचिन्ह बदलणे म्हणजे गाडीच्या बॉनेटवर, पुढील जाळीवर, डिकीच्या दारावर किंवा बाजूच्या पत्र्यावर बसवलेले निर्मात्याचे चिन्ह, मॉडेलचे नाव अथवा उपप्रकार दर्शवणारी अक्षरे काढून त्या जागी नवी बसवण्याची क्रिया होय. क्रोमचा मुलामा उडणे, प्लॅस्टिक पिवळे पडणे, अक्षर गळून पडणे, अपघातानंतर डिकीचे दार बदलणे किंवा निर्मात्याने आपले चिन्हच बदलणे ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. आधुनिक गाड्यांवरील बहुतेक बोधचिन्हे फोमच्या चिकटपट्टीने बसवलेली असल्याने ती गॅरेजमध्ये न नेता घरीही बदलता येतात. मात्र बोधचिन्ह पत्र्यावरून उचकटल्यास किंवा चुकीचे द्रावक वापरल्यास रंगाचा सर्वांत वरचा पारदर्शक थर निघू शकतो. त्याची दुरुस्ती बहुधा संपूर्ण भाग नव्याने रंगवूनच करावी लागते, त्यामुळे हा खर्च बोधचिन्हाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

संज्ञा

मराठीत बोधचिन्ह, मानचिन्ह आणि चिन्ह हे शब्द लिखित भाषेत आढळतात. वाहनांच्या सुट्या भागांच्या बाजारात मात्र 'मोनोग्राम' हा शब्द रूढ आहे. मुंबईतील ऑपेरा हाऊस परिसरातील दुकाने आणि कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील जुन्या भागांचा बाजार येथे याच नावाने या वस्तूची चौकशी केली जाते. 'लोगो' आणि 'एम्ब्लेम' हे शब्दही प्रचारात आहेत. एकाच बनावटीची गाडी वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिन्हांखाली विकण्याच्या व्यापारी पद्धतीला 'बॅज इंजिनिअरिंग' म्हणतात. ती पद्धत या लेखात केवळ पार्श्वभूमी म्हणून आली आहे.

इतिहास

महाराष्ट्रात मोटारगाड्यांची निर्मिती सुरू झाली तेव्हापासून बोधचिन्हे बदलत आली आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लर समूहाच्या मालमोटारी डॉज आणि फार्गो अशा दोन नावांनी तयार होत. याच कंपनीची फियाट ११०० डिलाइट ही गाडी १९७० च्या दशकाच्या आरंभी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली. १९७४ पासून तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. गाडीचा सांगाडा तोच राहिला, नाव आणि चिन्ह बदलले. १९८५ मध्ये आलेल्या प्रीमियर ११८ एनई या गाडीच्या नावातील 'एनई' ही अक्षरे निसान इंजिनाची निदर्शक होती. १९९० च्या दशकात या कंपनीच्या कल्याण येथील कारखान्यात प्यूजो ३०९ ही गाडी तयार झाली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. जतन केलेल्या पद्मिनींसाठी मूळ बोधचिन्हे शोधणे हा आजही जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांचा विषय आहे.

पुढील काळातही महाराष्ट्रातील कारखान्यांत असे बदल झाले. नाशिक येथे तयार होणारी महिंद्रा रेनॉ लोगान ही गाडी भागीदारी संपल्यानंतर २०११ मध्ये 'महिंद्रा व्हेरिटो' या नावाने विकली जाऊ लागली. त्याच वर्षी चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हेंटोची भावंड ठरणारी स्कोडा रॅपिड बाजारात आली. महिंद्राने २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० या गाडीबरोबर आपल्या एसयूव्ही गाड्यांसाठी दोन शिखरांचे नवे चिन्ह स्वीकारले. असे बदल झाल्यावर जुन्या गाडीवर नवे चिन्ह लावण्याची इच्छा अनेक मालकांना होते आणि घरगुती बदलाचा प्रश्न पुढे येतो.

रचना व जोडणीचे प्रकार

जुनी बोधचिन्हे जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असून त्यांवर क्रोमचा मुलामा असे. आजची बहुतेक चिन्हे एबीएस प्लॅस्टिकची असतात. प्लॅस्टिकवर प्रथम रासायनिक क्रियेने धातूचा पातळ थर बसवतात आणि त्यावर तांबे, निकेल व शेवटी क्रोम असे थर विद्युत्‌विलेपनाने चढवतात. बोधचिन्ह काढण्याची पद्धत ते कशाने जोडले आहे यावर ठरते. जोडणीचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

• चिकटपट्टीची जोडणी : दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या ॲक्रिलिक फोमच्या पट्टीवर चिन्ह बसवलेले असते. थ्रीएम कंपनीने या प्रकारची पट्टी १९८० मध्ये बाजारात आणली. त्यानंतर मोटार उद्योगात खिळ्या व स्क्रूंची जागा मोठ्या प्रमाणावर या पट्टीने घेतली.

• खुंटीची जोडणी : चिन्हाच्या मागील खुंट्या पत्र्यातील भोकांतून आत जातात व आतून चापाने किंवा नटाने धरल्या जातात. पद्मिनीच्या काळातील बहुतेक गाड्यांवर हीच पद्धत असे.

• मिश्र जोडणी : चिकटपट्टीबरोबरच चिन्ह नेमक्या जागी बसावे म्हणून एकदोन लहान खुंट्या दिलेल्या असतात. निर्मात्याच्या मुख्य गोल चिन्हांत ही पद्धत वारंवार आढळते.

• खटक्याची जोडणी : पुढील जाळीवरील व चाकांच्या मध्यभागातील चिन्हे प्लॅस्टिकच्या खटक्यांनी बसवलेली असतात. ती मागून दाबून काढावी लागतात.

रंगाचे थर

कारखान्यात रंगवलेल्या पत्र्यावर फॉस्फेटचा संस्कार, विद्युत्‌लेपनाने बसवलेला गंजरोधक प्राइमर, मधला प्राइमर, रंगद्रव्याचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट म्हणून ओळखला जाणारा पारदर्शक थर असतो. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. पारदर्शक थर केवळ ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ असतो. गाडीची चमक आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून रंगद्रव्याचे रक्षण ही दोन्ही कामे हाच थर करतो.

कारखान्यातील पारदर्शक थर सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत पक्का केला जातो. त्यामुळे हेअर ड्रायरच्या उष्णतेने त्याला सहसा इजा होत नाही. अपघातानंतर गॅरेजमध्ये दिलेला रंग मात्र बहुधा ६० ते ८० अंशांवर किंवा उघड्या हवेत वाळवलेला असतो. त्याची पकड कमकुवत असल्यास चिकटपट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा निघू शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तो भाग पूर्वी रंगवला गेला आहे का हे पाहणे आवश्यक ठरते. कडांवर रंगाचे फवारे दिसणे, शेजारच्या भागाशी रंगछटेत फरक असणे, पत्र्यावर लोहचुंबक सैल चिकटणे ही पुनर्रंगाची व पुट्टीची लक्षणे मानली जातात. अशा भागावरील चिन्ह शक्यतो अनुभवी कारागिराकडून काढून घेतात.

साहित्य

घरगुती कामासाठी हेअर ड्रायर, मासेमारीची नायलॉनची तंगूस किंवा दात साफ करण्याचा मेण लावलेला दोरा, मास्किंग टेप, मोजपट्टी, मायक्रोफायबरचे दोन-तीन फडके, गाडी धुण्याचा शाम्पू, चिकट अवशेष काढणारे द्रावण, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सौम्य पॉलिश एवढे साहित्य पुरते. ठाण्यासारख्या शहरात गाडी बहुधा सोसायटीच्या इमारतीखालील वाहनतळात उभी असते आणि तेथे विजेची सोय असतेच असे नाही. अशा वेळी गरम पाण्यात बुडवून पिळलेले जाड फडके चिन्हावर काही मिनिटे ठेवूनही चिकटपट्टी पुरेशी मऊ करता येते.

स्क्रू ड्रायव्हर, चाकू, पत्र्याची पट्टी आणि ब्लेड ही साधने वर्ज्य मानली जातात. चिन्ह उचकटताना साधनाचे टोक रंगावर टेकते व सगळा भार त्या एका बिंदूवर येतो. बहुतेक ओरखडे याच कारणाने पडतात. औद्योगिक हीट गनचे तापमान कित्येक शे अंशांपर्यंत जाते. तिने पारदर्शक थरावर फोड येऊ शकतात आणि प्लॅस्टिकचा बंपर वाकडा होऊ शकतो.

कृती

जुने चिन्ह काढणे

प्रथम चिन्हाभोवतीचा भाग शाम्पूने धुऊन कोरडा करतात. चिन्हाच्या कडेला साचलेली धूळ तशीच राहिल्यास दोऱ्याबरोबर घासली जाऊन ती वाळूकागदासारखी काम करते. त्यानंतर चिन्हाचे छायाचित्र घेतात आणि त्याच्या वरच्या व बाजूच्या कडेला लागून मास्किंग टेप लावतात. सुटी अक्षरे असल्यास पातळ कागदावर त्यांची रूपरेषा व त्यांमधील अंतर उतरवून घेतात. जुने चिन्ह निघाल्यावर नेमकी जागा ठरवण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग उरत नाही.

हेअर ड्रायर पत्र्यापासून वीतभर अंतरावर ठेवून एक-दोन मिनिटे सतत फिरवतात. पत्रा हाताला चांगला गरम लागावा, पण हात ठेवता येणार नाही इतका तापू नये. यानंतर तंगूस दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून चिन्हाच्या मागे घालतात आणि करवतीप्रमाणे पुढे-मागे ओढत फोम मधोमध कापतात. दोरा चिन्हाच्या मागील बाजूला टेकवून ठेवल्यास रंगावर घर्षण कमी होते. फोम घट्ट लागल्यास जोर न वाढवता पुन्हा उष्णता देतात. दोरा एकाच ठिकाणी वारंवार अडत असेल तर तेथे खुंटी असण्याची शक्यता असते. अशा वेळी डिकीच्या दाराचे आतील आवरण काढून चाप सोडवावा लागतो.

चिकट अवशेष काढणे

रंगावर राहिलेला फोम पुन्हा थोडा गरम करून अंगठ्याने चोळल्यास त्याच्या गुंडाळ्या होऊन निघतात. उरलेल्या चिकट पदार्थावर द्रावणाने भिजवलेले फडके मिनिटभर ठेवून हलक्या हाताने पुसतात. ही क्रिया सावलीत, थंड पत्र्यावर करावी लागते. तापलेल्या पत्र्यावर द्रावण लगेच उडून जाते व डाग राहतात. म्हणजे चिन्ह काढताना उष्णता उपयोगी पडते, तर सफाईच्या वेळी तीच बाधक ठरते. प्रचारातील द्रावकांचे गुणदोष असे आहेत.

• आयसोप्रोपिल अल्कोहोल : समप्रमाणात पाणी मिसळून वापरल्यास कारखान्याच्या रंगाला सुरक्षित. नवे चिन्ह बसवण्यापूर्वीच्या अखेरच्या पुसणीसाठी योग्य.

• संत्र्याच्या सालीच्या तेलावर आधारित अवशेषनाशक : परिणामकारक, पण मागे तेलकट थर ठेवते.

• रॉकेल व टर्पेंटाइन : चिकटपणा जातो, परंतु तेलकट थर राहतो. शाम्पूने धुऊन नंतर अल्कोहोलने पुसणे आवश्यक.

• पेट्रोल : अतिज्वालाग्राही असल्याने, विशेषतः बंदिस्त वाहनतळात, धोकादायक.

• थिनर व नखांचे रंग काढणारे ॲसिटोन : गॅरेजमध्ये दिलेला रंग व प्लॅस्टिक विरघळवू शकतात. वापरू नयेत.

• हात निर्जंतुक करण्याचे जेल : त्यात अल्कोहोल असले तरी ग्लिसरीनसारखे घटकही असतात. त्यांचा थर नव्या पट्टीची पकड कमी करतो.

जुन्या चिन्हाची सावली

चिन्ह निघाल्यावर त्याच्या आकाराची फिकट किंवा गडद आकृती पत्र्यावर दिसते. चिन्हाखालील रंग ऊन, धूळ आणि धुण्याच्या घर्षणापासून वाचलेला असतो, तर भोवतालचा भाग निस्तेज झालेला असतो. ही आकृती म्हणजे चिन्हाखालचा रंग बिघडल्याचे लक्षण नसून उलट भोवतालचा रंग झिजल्याचे लक्षण आहे. सौम्य पॉलिशने पृष्ठभागावरील फरक बऱ्याच अंशी कमी होतो. रंगद्रव्यच विटले असेल तर तो पॉलिशने जात नाही. अशा वेळी रबिंग कंपाउंडने जोर लावून घासत राहिल्यास पारदर्शक थर झिजून कायमचे नुकसान होते. त्याच मापाचे नवे चिन्ह त्याच जागी लावणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय आहे. चिन्ह मुळीच न लावता जागा मोकळी ठेवण्याचा निर्णय म्हणूनच नव्या गाडीवर सोपा आणि दहा वर्षांच्या गाडीवर अवघड असतो.

नवे चिन्ह बसवणे

पॉलिशचा अंश राहू नये म्हणून जागा अल्कोहोलमिश्रित पाण्याने पुसून कोरडी करतात व त्यानंतर तिला बोट लावत नाहीत. आधी लावलेल्या मास्किंग टेपच्या कडांना जुळवून चिन्ह न चिकटवता एकदा ठेवून पाहतात. मग मागील संरक्षक कागद काढून एका कडेपासून चिन्ह टेकवतात आणि सर्व भागांवर अंगठ्याने समान दाब देतात. या पट्टीतील चिकट पदार्थ दाबाने सक्रिय होतो, म्हणून दाब कमी पडल्यास कडा पुढे सुटू लागतात. सामान्य तापमानाला सुमारे वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि बहात्तर तासांत पूर्ण पकड तयार होते. तोपर्यंत गाडी धुणे टाळतात. त्यानंतरही उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा चिन्हाच्या कडेवर जवळून मारत नाहीत.

ठाणे परिसरातील परिस्थिती

ठाण्यातील वागळे इस्टेट हे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या इतिहासातील आरंभीचे नाव आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळ स्थापन झाले, त्या निमित्ताचा समारंभ तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत येथेच झाला. लहान अभियांत्रिकी कारखान्यांची ही वसाहत पुढे माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारतींनीही भरली. वाहनदुरुस्तीच्या कार्यशाळा व डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजे या भागात आहेत. त्यामुळे पुनर्रंगाचा भाग, अडकलेली खुंटी किंवा निघालेला रंग यांसाठी कारागीर जवळच मिळतो.

येथील हवामानाचा या कामावर थेट परिणाम होतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा साठ अंशांच्याही वर तापू शकतो. चिन्ह काढण्यासाठी तेव्हा वेगळी उष्णता द्यावी लागत नाही, पण गाडी सावलीत आणून थंड केल्याशिवाय सफाई करता येत नाही. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रतेमुळे पत्र्यावर न दिसणारा दमटपणा राहतो व चिकटपट्टी नीट धरत नाही. पावसाळ्यात हे काम करायचेच असल्यास आच्छादित जागेत, पत्रा किंचित गरम करून कोरडा केल्यावर करतात आणि पुढील तीन दिवस गाडी पावसाबाहेर ठेवतात.

खाडीलगतच्या दमट, खारट हवेत उघडा पडलेला पत्रा लवकर गंजतो. केवळ पारदर्शक थरावरील ओरखडा दिसण्यापुरता असतो, पण तो प्राइमरच्या खाली पत्र्यापर्यंत गेला असेल तर प्राइमर व टच-अप रंग लगेच लावणे आवश्यक असते. खुंटीची जोडणी असलेल्या जुन्या गाड्यांत गंजाची सुरुवात अनेकदा चिन्हाच्या भोकांपासूनच होते. अशी भोके रिकामी राहणार असतील तर त्यांच्या कडांना गंजरोधक प्राइमर लावून ती रबरी बुचाने किंवा वेल्डिंगने बंद करतात.

सुरक्षितता

सुकाणूचक्राच्या मध्यावरील चिन्ह घरी बदलू नये. त्यामागे एअरबॅग असते. ती उघडताना वरून चिकटवलेले धातूचे किंवा खड्यांचे चिन्ह प्रचंड वेगाने चालकाच्या चेहऱ्यावर आदळू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने अशा शोभेच्या चिन्हांविरुद्ध इशारा दिलेला आहे. काही गाड्यांत पुढील चिन्हामागे चालकसाहाय्य प्रणालीचा रडार संवेदक असतो. तेथे धातूचे किंवा जाड मुलाम्याचे चिन्ह लावल्यास संवेदकाचे काम बिघडते, म्हणून निर्मात्याने त्या मॉडेलसाठी दिलेलेच चिन्ह वापरावे लागते. काही गाड्यांत डिकी उघडण्याची कळ किंवा मागील कॅमेरा चिन्हातच बसवलेला असतो. तो भाग तारांसह सोडवावा लागतो.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील व निर्मात्याने दिलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. झिजलेल्या चिन्हाच्या जागी तसेच चिन्ह लावल्याने हा तपशील बदलत नाही. ठाण्यातील एमएच-०४ किंवा कल्याणमधील एमएच-०५ मालिकेतील वाहनाची ओळख चिन्हावरून नव्हे, तर नोंदणी, सांगाडा व इंजिन क्रमांकावरून ठरते. म्हणूनच जुनी गाडी विकत घेताना डिकीवरील अक्षरांवर विसंबून न राहता नोंदणी प्रमाणपत्रातील मॉडेल व उपप्रकार पडताळून पाहतात. खालच्या उपप्रकाराच्या गाडीवर वरच्या उपप्रकाराची अक्षरे लावून ती तशी विकणे ही फसवणूक ठरू शकते.

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १०३ खाली खोटे व्यापारचिन्ह वापरण्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. बनावट चिन्हांचे उत्पादन या तरतुदींच्या कक्षेत येते. भारताचे राजचिन्ह गाडीवर अनधिकृतपणे लावणे हे राजचिन्हाच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार दंडनीय आहे. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी ही बोधचिन्ह नसून ती न उघडणाऱ्या कुलपाने बसवलेली असते. बोधचिन्ह बदलताना तिला हात लावू नये.

हेही पहा

• प्रीमियर पद्मिनी
• वागळे इस्टेट
• महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
• विद्युत्‌विलेपन
• मोटार वाहन अधिनियम, १९८८